आगमन चार-चाळीस

९ मार्च, सोमवार

सकाळी सहाला उठलो. दूध तापवलं. दवाखान्यात जाऊन रक्तदाब तपासून घेतला, एकशे चाळीस निघाला. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. घरी आल्यावर आमटीत मीठ घालायचंच राहिलं होतं हे कळलं, म्हणजे सल्ला आपोआप पाळला गेला. संध्याकाळी बागेला तीन फेऱ्या मारल्या.

हिला जाऊन आज शहाण्णव दिवस झाले.

काल रविवार. नेहमीप्रमाणे संध्याकाळी सहाला मुलीचा फोन आला. तिच्याकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात, कारण तिचं शहर आपल्यापेक्षा नऊ तास मागे आहे. म्हणाली, "बाबा, एप्रिलमध्ये इकडे या. दोन महिने राहा." मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "तुमचं बघू म्हणजे नाही. आईने मला सांगून ठेवलंय."

हसू आलं. येतो म्हणालो.

तीस वर्षं आगारात बसून बसगाड्यांची वेळापत्रकं केली. विमानात कधी बसलो नाही. मुलगी दोनदा आली तेव्हा तिला आणायला हीच एकटी गेली होती. मला रजा नव्हती असं नाही. मागितली नाही.

१३ मार्च, शुक्रवार

जुन्या शालेय नकाशावर पट्टी ठेवून इथून तिच्या शहरापर्यंतचं अंतर मोजलं. सोळा हजार दोनशे किलोमीटर आलं. खालच्या मजल्यावरच्या भूगोलबाईंना सांगितलं. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण समोरच्याला विद्यार्थी समजायची सवय गेलेली नाही.

"सपाट कागदावर मोजलंत?"

"हो."

"पृथ्वी सपाट आहे का हो, वेळापत्रकसाहेब?"

मला त्या याच नावाने हाक मारतात. आतून पृथ्वीचा गोल आणला, त्यावर दोरा धरायला सांगितला. दोरा दोन्ही शहरांवर ताणून धरला तर तो मधेच वर उत्तरेकडे सरकला. मला वाटलं हात हलला. म्हणाल्या, "हात नाही हलला. जवळचा रस्ता तोच आहे. विमान बर्फावरून जातं." साडेतेहतीस सेंटिमीटर भरला. एका सेंटिमीटरला तीनशे पंच्याऐंशी किलोमीटर. म्हणजे बारा हजार नऊशे.

मधे एका शहरात विमान बदलायचं असतं. तिथून वळसा घेऊन मोजलं तर अडतीस सेंटिमीटर, चौदा हजार सहाशे. दोन्ही आकडे लिहून ठेवले.

बाई म्हणाल्या, "लेकीला सांगा, तुझा बाप तीन हजार किलोमीटरने जवळ आला."

१५ मार्च, रविवार

मुलीला अंतर सांगितलं. खूश झाली. तिकीट काढलंय म्हणाली, चौदा एप्रिल, पहाटे सव्वादोनला सुटतं. मी विचारलं, पोचतं कधी? म्हणाली, "ते मी बघते ना. मी बाहेर उभी असेन. तुम्ही फक्त सुटायची वेळ लक्षात ठेवा."

मी म्हटलं, दोन्ही वेळा कळल्या तर तक्ता करता येईल. ती म्हणाली, "बाबा, नको ना तक्ता. वेळांचा हिशेब तुम्ही अजिबात करू नका. प्लीज."

आवाज जरा चढला होता. मी विषय सोडला. मी आता म्हातारा झालो, गोंधळेन, असं तिला वाटत असावं. वाईट वाटलं. चालक-वाहक माझ्या तक्त्यावर घड्याळ लावायचे.

१८ मार्च, बुधवार

हिची थोरली बहीण आली होती. मी तिला ताई म्हणतो. दोन बसथांबे सोडून राहते. येताना डबा आणते आणि जाताना आधीचा रिकामा डबा मोजून नेते. मी मुलीकडे निघालोय हे तिला कळलं होतं.

"जाताय तर जा. पण माझ्याकडून काही न्यायचं नाही हं, आधीच सांगते."

मी म्हटलं, बरं.

"तिच्या आईची राखाडी शाल माझ्याकडे आहे. एरवी दिली असती. पण जी पोरगी शेवटचं तोंड बघायला आली नाही, तिला आईची शाल कशाला? लग्नाला, बारशाला नाही आली तर एक वेळ चालतं हो, भाऊजी. आईला अंतर दिलं तिने."

मी डब्याचं झाकण लावत होतो. ते लागत नव्हतं. ती गेल्यावर वाटलं, बोलायला हवं होतं. मुलीला येऊ नको असं मीच सांगितलं होतं. ते ताईला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कारण कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तेव्हा काय झालं ते इथे लिहून ठेवतो.

तीन डिसेंबरला दुपारी तीनला ही गेली. दवाखान्यातच, अर्ध्या तासात. मुलीकडे सकाळचे सहा होते. तिला बोलता येत नव्हतं. जावयांनी तिकीट शोधलं आणि त्याचा फोटो मला पाठवला: प्रस्थान ३ डिसेंबर, १८.२०. आगमन ५ डिसेंबर, ०४.४०. तासाभरात ठरवायचं होतं. इकडे स्मशानातली विद्युतदाहिनी पाच तारखेला दुपारी बारापर्यंतच चालू राहणार होती, मग दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद. चार-चाळीसमध्ये नऊ तास मिळवले. दुपारचे एक-चाळीस. विमानतळावरून घरी यायला आणखी साडेतीन तास. मुलीला फोन करून म्हटलं, जमत नाही, निघू नकोस. ती म्हणाली, "नक्की ना, बाबा?" मी म्हटलं, दोनदा बघितलंय. ती म्हणाली, "बरं."

मग थांबण्यात अर्थ नव्हता. चार तारखेलाच सकाळी सगळं केलं.

नंतर मी तिला म्हटलं होतं, आता येऊन जा. म्हणाली, "आता कुणासाठी येऊ?" मग म्हणाली, "तसं नाही हं, बाबा." मला तसं वाटलंही नव्हतं.

२४ मार्च, मंगळवार

व्हिसाच्या कचेरीत गेलो. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, पूर्ण तिकिटाची प्रत लागेल. मुलीला फोन लावला, उचलला नाही. जावयांना लावला. बिचाऱ्यांनी पाच मिनिटांत तिकीट पाठवलं. समोरच्या दुकानात छापून घेतलं आणि दिलं. एक प्रत स्वतःसाठी ठेवली.

संध्याकाळी मुलीचा फोन. "तिकीट मिळालं का पूर्ण?" हो म्हटलं. मागे जावयांना म्हणत होती, "अरे, कशाला पाठवलंस? मला विचारायचं तरी." मी म्हटलं, त्यांना बोलू नकोस, कचेरीत अडलं होतं. ती म्हणाली, "बरं. कागद ठेवून द्या हं, बाबा, नीट. वाचत बसू नका."

मंगळवारी तिचा फोन कधी येत नाही.

२५ मार्च, बुधवार

आज सुरुवातीपासून नीट लिहितो.

जेवणानंतर तिकीट काढून तक्ता करायला घेतला. प्रस्थान १४ एप्रिल, ०२.१५. आगमन १४ एप्रिल, १८.५०. मधला थांबा साडेपाच तास. प्रवास सोळा तास पस्तीस मिनिटं, थांबा वजा केला तर धाव अकरा तास पाच मिनिटं. नवीन तक्ता हाती आला की आधी वेग काढून बघायचा, ही माझी जुनी सवय. वेळ कमी पडली तर चालक गाडी दामटतो आणि वेळ जास्त असली तर वाटेत चहा पीत बसतो. दोन्ही वेगावरून कळतं. चौदा हजार सहाशेला अकरा तास पाच मिनिटांनी भागलं. ताशी तेराशे सतरा किलोमीटर आले.

पुन्हा भागलं. तेच आलं.

अंतर चुकलं असेल म्हणून खाली गेलो. भूगोलबाई म्हणाल्या, अंतर बरोबर आहे, पण एवढ्या वेगाने प्रवासी विमान जात नाही, आठशे-नऊशे फार झाले. मी तिकीट दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि हसायला लागल्या.

"अहो, पोचायची वेळ तिथली आहे. तिकिटावर ज्या गावाचं नाव, त्या गावच्या घड्याळाची वेळ. सोळा तासांत नऊ मिळवा. पंचवीस तास पस्तीस मिनिटं. एवढं साधं!"

मी विचारलं, सगळ्या तिकिटांवर तसंच?

"सगळ्या. जगभर."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. "बसा जरा. पाणी देऊ?" मी म्हटलं, नको, दूध वर ठेवून आलोय. तसं काही नव्हतं.

आमच्या आगारात नियम होता: तक्त्यातली प्रत्येक वेळ सुटण्याच्या स्थानकाच्या घड्याळाची. वाटेतली घड्याळं पाच-सात मिनिटं मागेपुढे असायची आणि चालक त्याचं निमित्त करायचे. म्हणून गाडी जिथून सुटली तिथलं घड्याळ शेवटपर्यंत खरं. हा नियम मी स्वतः केला होता. त्याचं परिपत्रक निघालं होतं, माझ्या सहीचं.

चार-चाळीस म्हणजे इथले चार-चाळीस. पाच डिसेंबरची पहाट. उतरून, सामान घेऊन, घरी यायला सव्वाआठ. दाहिनी बारापर्यंत चालू होती. मी ऐकून घेतलं असतं, थांबलो असतो, तर तिला हिच्याजवळ तीन तास तरी बसता आलं असतं.

मागच्या दोन्ही वेळी ती दुपारीच आली होती. म्हणून एक-चाळीस मला खटकलं नाही. तेव्हा मी वेगही काढला नाही. काढला असता, तर वाटेतला सहा तासांचा थांबा वजा करून ताशी पाचशे पंधरा आला असता आणि विमान एवढं हळू जात नाही हे कळलं असतं. पण वेग काढायला अंतर लागतं, आणि अंतर मी तेव्हा मोजलंच नव्हतं. नऊ वर्षं मुलगी तिथे राहतेय.

२६ मार्च, गुरुवार

काही केलं नाही. खाली भूगोलबाईंनी बेल वाजवली, दार उघडलं नाही.

२९ मार्च, रविवार

सहाला फोन आला. तिने पाककृती सांगितली, मी लिहून घेतली. जावयांच्या गुडघ्याचं सांगितलं. मी रक्तदाबाचं सांगितलं. सतरा मिनिटं बोललो. ते मात्र बोललो नाही.

समोरासमोर सांगावं का? तिथे पोचल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पण मग ती दोन महिने रोज माझ्यासमोर असणार, आणि मी तिच्या घरात. तिला रागावता यायचं नाही. आधी सांगितलं तर निदान तिकीट रद्द करायची तिला मोकळीक राहील. हे बरोबर वाटतं. तरी सांगितलं नाही.

२ एप्रिल, गुरुवार

ताईकडे गेलो. ठरवून गेलो होतो. तिची शेजारीण बसली होती. ताईने तिला माझी ओळख करून दिली: "हे माझ्या धाकटीचे मिस्टर. आता लेकीकडे चाललेत. लेक काही आली नाही हो, आई गेली तेव्हा. म्हणून आता हेच चाललेत."

शेजारीण म्हणाली, "आजकालची मुलं."

मी चहा घेतला. बिस्कीट घेतलं. शेजारीण उठेना. शेवटी मीच उठलो. शेजारीण नसती तरी मी बोललो असतो की नाही, शंका आहे.

येताना बसमध्ये बसलो होतो. ताई त्या दिवशी म्हणाली होती, पोरीने अंतर दिलं. मुलीने काही दिलेलं नाही. तीन डिसेंबरला ती निघायला तयार होती.

५ एप्रिल, रविवार

सांगितलं.

आधी कागदावर चार ओळी लिहून काढल्या होत्या. त्या वाचून दाखवल्यासारखंच झालं. म्हटलं, डिसेंबरमधल्या तुझ्या तिकिटावरची पोचायची वेळ मी चुकीची वाचली. तू वेळेवर पोचली असतीस. चूक माझी आहे. परवा माझं तिकीट बघताना कळलं.

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर फोन ठेवेल. तिने लगेच उत्तर दिलं.

"अहो बाबा, पहाटेचे चार-चाळीस म्हणजे कुठली पहाट, हे त्या वेळी कुणाला सुचतं? मलाही नाही सुचलं. मी पण तुमच्यासारखंच धरलं. सोडून द्या."

मी म्हटलं, मी विचार न करता बोललो. म्हणाली, "तुम्ही तास-मिनिटं घेऊन बसला होतात, मी तर नुसती बसले होते. कुणीतरी ठरवायचं होतं, तुम्ही ठरवलंत." मग म्हणाली, "जेवलात का?" संध्याकाळचे सहा वाजले होते.

वेळ मी तिला सांगितली नव्हती, तरी चार-चाळीस तिला चार महिन्यांनीही पाठ आहे. आकडे डोक्यात राहतात तिच्या. त्या बाबतीत माझ्यावर गेली आहे. तिलाही तेव्हा कळलं नव्हतं हे ऐकून थोडं हलकं वाटलं. चूक दोघांकडून झाली म्हणायची.

ठेवताना म्हणाली, "मावशीला मात्र सांगू नका हं."

"का?"

"तिला वाटू दे माझंच चुकलं. मला काय, मी इथे आहे. तुम्हाला तिथे राहायचंय, बाबा. तिचा डबा येतो ना अजून?"

येतो म्हटलं.

"मग झालं तर."

७ एप्रिल, मंगळवार

मुलीने नको म्हटलं होतं, तरी गेलो. दोन दिवस विचार केला. डब्यासाठी मुलीने बोलणी खायची हे पटेना.

ताई एकटीच होती. लोकर घेऊन विणत बसली होती. चहा ठेवला.

"ताई, एक सांगायचं होतं."

"सांगा की. पण चहा घेत घेत सांगा, नाहीतर निवेल."

सांगितलं. पूर्ण सांगितलं, आगाराच्या नियमासकट. तिला तो नीट कळला नाही, दोनदा सांगावा लागला.

"थांबा. म्हणजे ती येऊ शकली असती?"

"हो."

"आणि नको कोण म्हणालं? तुम्ही."

"हो."

"आणि ती तयार होती."

"हो. तिकीट काढून निघणारच होती."

विणायच्या सुया तिने बाजूला ठेवल्या. "तुम्हाला कळलं कधी?"

"पंचवीस मार्चला."

"आज सात एप्रिल. मधे दोन तारखेला तुम्ही इथेच बसला होतात. याच खुर्चीत. मी त्या बाईसमोर बोलत होते आणि तुम्ही बिस्कीट खात होतात."

"हो."

"हो हो काय करताय, भाऊजी, मास्तरांसमोर उभं केल्यासारखं!"

ती उठून खिडकीशी गेली. पाठमोरी उभी राहून म्हणाली, "मी फोनवर काय काय बोलले आहे त्या पोरीला, तुम्हाला माहीत आहे?"

माहीत नव्हतं. ताईने तिला फोन केले होते हेही माहीत नव्हतं.

"जानेवारीत बोलले. दोनदा. नको नको ते बोलले. तर ती काय म्हणाली? 'चुकलं माझं, मावशी.' एवढंच. तुमचं नाव नाही घेतलं तिने. मी म्हटलं, येता आलं नसतं का गं तुला? तर म्हणाली, 'आलं असतं, मावशी. नाही आले.'"

मी म्हटलं, तिला तेव्हा माहीत नसणार. तिनेच सांगितलं मला परवा.

ताई वळली. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग चहाचे कप उचलले, माझा अर्धा राहिला होता, तोही उचलला. "तुम्ही निघा आता," म्हणाली. "मला जरा काम आहे."

दारापर्यंत आली नाही. एरवी येते.

बस चुकली, चालत आलो. ताई असं का बघत होती ते कळलं नाही. 'आलं असतं' असं मुलगी तिला जानेवारीत का म्हणाली असेल? रागाच्या भरात माणूस काहीही बोलतं. पण ती रागावत नाही कधी.

९ एप्रिल, गुरुवार

व्हिसा आला. आज ताईचा डबा आला नाही. बुधवार-गुरुवारी येतो. खिचडी टाकली, बरी झाली.

भूगोलबाईंनी विमानात कानात घालायला कापूस दिला. म्हणाल्या, खिडकीची जागा मिळाली तर बर्फ बघा आणि मला येऊन सांगा, मी पस्तीस वर्षं न बघता शिकवलंय.

११ एप्रिल, शनिवार

बॅग भरली. वजन केलं, एकोणीस किलो. संध्याकाळी ताईचा पुतण्या दारात पुडकं ठेवून गेला, आत आला नाही. उघडलं. राखाडी शाल होती. चिठ्ठी होती, ताईच्या अक्षरात: "तिला द्या. तुमच्याशी मी सध्या बोलणार नाही." खाली आणखी एक ओळ, "थंडी असते म्हणे विमानात. तोवर तुम्ही घेतलीत तरी चालेल."

बॅग पुन्हा उघडून शाल वरच्या कप्प्यात ठेवली.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी कपडे धुतले, आता दोन महिने घर बंद राहणार म्हणून अंथरूण-पांघरूणही धुतलं. पाण्याची मुख्य तोटी कशी बंद करायची ते बघून ठेवलं.

सहा वाजता मुलीचा फोन आला नाही. सव्वासहाला मी लावला. दुसऱ्या फोनवर बोलत होती. साडेसहाला लावला, तरी तेच. मग ताईचा लावून बघितला, उगाच. तोही व्यस्त. पावणेसातला पुन्हा दोन्ही बघितले. दोन्ही व्यस्त.

आता सव्वासात झाले. बोलू देत.

बाहेर जाऊन दोरीवरची मोठी चादर काढली. वाळली होती. एकट्याने घडी घालताना एक टोक खाली लोळायला लागलं. दोनदा करून पाहिलं. मग पलंगावर अंथरली, या बाजूने दुमडली, पलंगाला वळसा घालून त्या बाजूने दुमडली, आणि कपाटात ठेवली.